दार आणि जिवाणी

बाई आमच्याकडं कायमच्या राहायला आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. १९८८ सालचा मार्गशीर्ष होता. बासर स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं हे त्यांना घेऊन निघाले आणि सकाळी औरंगाबादला सिडकोतल्या आमच्या घरापुढं रिक्षा थांबली. सामान काय, एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी डबा आणि पिशवीत घडी घालून ठेवलेलं गाळणं. बाईंनी पाय धुतले, दोन्ही खोल्या बघितल्या, खिडकीतून बाहेर बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन नळाखाली कळशी ठेवली, तिच्या तोंडावर दुहेरी गाळणं धरलं आणि नळ सोडला. कळशी भरली. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी घालून ते वाटीत धुतलं. आणि वाटी हातात धरून मला म्हणाल्या,

"माय, ही जिवाणी कुठं घालू?"

"मोरीत ओता की," मी म्हटलं.

त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटून माणूस बघतं तशा.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मुधोळच्या वाड्यात थोरले-धाकटे सगळे त्यांना बाईच म्हणायचे. जिवाणी हा शब्द आपल्या बऱ्याच घरांतून आता गेला आहे, म्हणून नव्या सुनांसाठी सांगते. पाणी गाळलं की गाळण्यावर जे बारीक जीव अडकतात, ते हलक्या हातानं धुऊन परत पाण्यात सोडायचे. त्या धुवणाचं नाव जिवाणी. ती कुठंही टाकायची नाही. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात तगतील याचा भरवसा नाही, म्हणून. गाळणंही कसंतरी चालत नाही. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, जाड सुताचं, दुहेरी. आणि गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर परत गाळा.

मुधोळच्या वाड्यात मागच्या अंगणात आड होता. बाईंकडं तांब्याचं एक लहान भांडं होतं, त्याच्या बुडाला कडी. जिवाणी त्यात घालून दोरानं आडात सोडायची. भांडं पाण्याला टेकलं की दोराला हिसका द्यायचा. ते उलटं व्हायचं आणि जिवाणी अलगद पाण्यात जायची. वरून ओतली तर एवढ्या उंचीवरून पडूनच जीव मरतील, हा त्यामागचा विचार.

ऐकायला हे फार गोड वाटतं. पण व्रत बाईंचं होतं आणि दोर माझ्या हातात होता.

१९७२ साली मी त्या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दिवसाला वीस-पंचवीस कळशा पाणी शेंदायचं. स्वयंपाकघराला एकच झरोका, तोही इतका उंच की बाहेरचं काही दिसू नये. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. चार दिवस बाजूला बसायचं तेव्हा पाठीला तेवढा आराम, पण तोही अंधाऱ्या खोलीत. कुणाकडं जायचं तर आधी विचारायचं, आल्यावर सांगायचं. माडीवर आमचं घरचं चैत्यालय होतं. तिथं सकाळी दर्शनाला गेलं की गवाक्षातून गावाबाहेरची काळी शेतं दिसायची, कापसाच्या दिवसांत पांढरी झालेली. मी दर्शनाला जरा जास्तच वेळ लावायचे. बाईंना वाटायचं सुनेला भक्तीची ओढ आहे. खरं सांगते, मला त्या गवाक्षाची ओढ होती.

मुधोळच्या लोकांना आपण कुठले हे सांगताना थोडं थांबावं लागतं. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मुधोळ नांदेड जिल्ह्यातला तालुका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली. मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कलं आंध्राकडं आदिलाबाद जिल्ह्यात गेली आणि त्याच तालुक्यातलं धर्माबाद इकडं राहिलं. सोयरीक धर्माबादकडं, कचेरी आदिलाबादला. मुलांना शाळेत तेलुगू आलं, घरात मराठीच राहिली. बाई म्हणायच्या, "आपण जागचे हललो नाही, सरकारच हललं." पुढं तेलंगणा झालं, २०१६ मध्ये निर्मल जिल्हा झाला. ते बघायला त्या नव्हत्या. पण राज्य कुणाचंही असो, आड तोच आहे, जिवाणी त्याच आडात जाते, एवढ्यावर त्यांचं गाव पक्कं होतं.

मला मात्र तिथून निघायचं होतं. यांना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि १९८२ मध्ये सिडकोचं घर हप्त्यावर मिळालं. सिडको निघालं १९७० मध्ये, नव्या मुंबईसाठी. १९७२ पासून नव्या औरंगाबादचं काम त्यांच्याकडं आलं. जुनं शहर आणि चिकलठाणा यांच्या मधल्या शेतांवर रस्ते आखले, सेक्टर पाडले, त्यांना एन-एक, एन-दोन अशी नावं दिली. आधी कागद, मग वस्ती. शाळेची जागा, बागेची जागा, बाजाराची जागा माणसं यायच्या आधीच ठरलेली. आमचं घर लहानच होतं. एक खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी-संडास, पुढं वावभर मोकळी जागा. पण स्वयंपाकघराला माझ्या छातीइतक्या उंचीवर खिडकी होती आणि ओट्याशेजारी नळ. पहिल्या दिवशी मी तो नळ दहा वेळा तरी सोडून बघितला असेल. घराची किल्ली माझ्या पदराला होती. ज्या बायका त्या वेळी वाड्यांतून कॉलन्यांत आल्या, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आपल्याला घर पहिल्यांदा तेव्हाच मिळालं.

म्हणून बाईंनी वाटी हातात धरून जिवाणीचं विचारलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, राग आला. वाटलं, दोर सोडून मी इतक्या लांब आले, तर दोर माझ्या मागं आला.

त्या दिवशी बाईंनी जिवाणी मोरीत ओतली नाही. वाटी झाकून ठेवली आणि हे आल्यावर त्यांना विचारलं, "या नळाचं पाणी कुठून येतंय रे?" हे म्हणाले, पैठणहून. गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे, त्याचं. बाई जरा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे आपलीच गंगा." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पैठणहून ती नांदेडला जाते, नांदेडहून खाली बासरला, आणि बासर म्हणजे मुधोळचं दारच. "मी वर आले आन् पाणी खालीच चाललंय," एवढं म्हणून त्या झोपायला गेल्या.

पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही सगळे पैठणला गेलो. तिथं मुनिसुव्रतनाथांचं अतिशय क्षेत्र आहे, बाईंना दर्शन घडवायचं होतं. एसटीत त्यांच्या मांडीवर एक झाकणाचा तांब्या होता. मला वाटलं पिण्याचं पाणी. दर्शन झाल्यावर त्या म्हणाल्या, नदीवर चला. काठाशी बसून, हात पाण्यात बुडवून त्यांनी तांब्या हळूच तिरका केला. सकाळची जिवाणी होती. पन्नास किलोमीटर मांडीवर घेऊन आल्या होत्या. परत येताना त्या खिडकीशी गप्प बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "एक दिवसाची पोचली. बाकीच्या दिवसांचं काय?"

चातुर्मासात राजाबाजारच्या पार्श्वनाथ मंदिरात दर्शनाला गेलो असताना एका माताजींना त्यांनी हाच प्रश्न विचारला. माताजींनी शास्त्राचे दाखले दिले नाहीत. म्हणाल्या, "पाण्याचं मूळ हाताशी नसेल, तर पाण्यावरचा हात आखडा." बाईंनी तो नियमच घेतला. अंघोळीला एक तांब्या. दिवसभरात पिण्याला आणि हातापायाला एक कळशी. तीही संध्याकाळी थोडी उरायची. मी मात्र ओटा धुवायला बादलीभर पाणी ओतत होते, आणि त्या काही बोलत नव्हत्या, याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

दुसरी गोष्ट दाराची. मुधोळला ताट वाढलं की जेवायला बसण्याआधी बाई दारात जाऊन उभ्या राहायच्या. कुणी मुनी, त्यागी, व्रती वाटेनं येतात का ते बघायचं आणि मगच पहिला घास घ्यायचा. याला द्वारापेक्षण म्हणतात. श्रावकाच्या बारा व्रतांत शेवटचं व्रत अतिथिसंविभाग. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, त्याचा वाटा काढल्याशिवाय जेवायचं नाही. मुधोळला काही रोज मुनिमहाराज येत नव्हते. वर्षानुवर्षं येत नव्हते. पण दारात उभं राहिलं की कुणीतरी जाताना दिसायचं. भैंशाच्या बाजाराहून परतणारं कुणी, भुकेलं पोर, नुसतीच विचारपूस करणारी शेजारीण. चटणी-भाकरी, ताक, काहीतरी दारातून जायचंच.

सिडकोत बाई तशाच सकाळी दहाच्या सुमाराला दारात उभ्या राहायला लागल्या. समोर सरळ डांबरी रस्ता, दोन्ही अंगाला सारखी घरं, सगळी दारं लावलेली. पुरुष कामावर, मुलं शाळेत. कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. शेजारच्या वहिनींनी दोन-तीन दिवस बघितलं आणि विचारलं, "मावशी, कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही. येईल त्याची."

वहिनी हसल्या, पण दुपारी मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचं इथं मन लागत नाही वाटतं. गावाकडच्या माणसांची वाट बघतात." कॉलनीत चारचौघींत माझी सासू दारात ताटकळते असं बोललं जावं, हे मला सोसेना. एक दिवस मी त्यांचा दंड धरूनच त्यांना आत आणलं. "बाई, आत या. इथं कोणी येत नसतं. लोक काय म्हणतील?"

त्या आल्या, जेवल्या. त्यानंतर पुन्हा बाहेरच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, लावलेल्या दाराकडं तोंड करून. मी रोज बघत होते आणि रोज न बघितल्यासारखं करत होते. हे लिहिताना माझा हात आजही अडखळतो.

त्यात दर्शनाचा नियम. दर्शनाशिवाय अन्न नाही. मुधोळला माडीवर गेलं की झालं. इथं मंदिर जुन्या शहरात. बस वेळेवर नाही, रिक्षाचे पैसे रोज कुठून आणायचे? हे सकाळी सायकलवरून शिफ्टला जायचे. कधी दर्शनाला बारा वाजायचे, कधी दोन. सूर्यास्तानंतर काही घ्यायचं नाही म्हणजे दिवसात एकच जेवण. तीन वर्षांत बाईंची बांगडी कोपराकडं सरकायला लागली. १९९१ च्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "मला मुधोळला घाला."

हे तयार नव्हते. म्हणाले, लोक मला नावं ठेवतील, म्हातारपणी आईला परत पाठवली म्हणून. वाड्यात माझे चुलत दीर-जाऊ होते, चैत्यालयही तेच बघायचे, म्हणजे बाई एकट्या पडणार नव्हत्या. निर्णय माझ्यावर आला. मी म्हटलं, "जाऊ द्या त्यांना. त्यांचं व्रत तिथं नीट चालेल."

वाक्य बरोबर होतं. कारण खरं नव्हतं. मला माझी खिडकी, माझा ओटा आणि माझी भरलेली बादली परत पाहिजे होती. बाईंचं व्रत मी पुढं केलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, त्या मुधोळला गेल्या. शेवटच्या दिवसांत जाऊबाई होत्या आणि पलीकडच्या गल्लीतली एक तेलुगू बाई रात्री उशाशी बसायची. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. जाऊबाईंनी त्यांचं गाळणं माझ्या हातात दिलं. "तुमच्यासाठी ठेवा म्हणाल्या." पाठोपाठ कडीचं भांडंही दिलं.

काही दिवस मी ते गाळणं ट्रंकेतच ठेवलं. मग एका अष्टमीला नळाला लावलं, आणि तेव्हापासून लावतेच आहे.

पुढं कॉलनी भरली. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून गावोगावची माणसं शहरात येतच होती. आमच्या आसपास आपल्या समाजाची घरं वाढली, एका घराच्या वरच्या खोलीत बायकांचा स्वाध्याय सुरू झाला. २००६ मध्ये सिडकोनं वसाहत महापालिकेकडं सोपवली. घरांवर मजले चढले, पुढच्या वावभर जागेत गाड्या आल्या, कुंपणांना फाटकं आली. घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसली. एकदा स्वाध्यायात एका सुनेनं विचारलं, "काकू, आरओचं पाणी गाळायचं का? ते तर आधीच शुद्ध असतं." दोन बाजू पडल्या, चांगला तासभर वाद झाला. मी गप्प होते. घरी येऊन आमच्या यंत्राची बाहेर जाणारी नळी बघत बसले. एक तांब्या पिण्याच्या पाण्यामागं दोन-तीन तांबे पाणी मोरीत जात होतं.

तेव्हा मला बाईंचा प्रश्न सोळा-सतरा वर्षांनी कळला. यंत्र पाण्यापासून मला वाचवतं. गाळणं पाण्यातल्या जिवांना माझ्यापासून वाचवायला असतं. फाटक आणि दार यांच्यातही तोच फरक आहे. नव्या वसाहतीत आपण पहिल्या गोष्टीसाठी भरपूर पैसे मोजतो. दुसरीची आठवण कुणाला असलीच तर एखाद्या म्हातारीला असते, आणि तिला आपण दंड धरून आत आणतो.

मी स्वतः म्हातारी झाल्यावर याचा दुसरा धडा मिळाला, तोही फार लांब. माझी मुलगी आणि जावई स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिनला असतात. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने त्यांच्याकडं होते. एडिंबरोहून निघालं की फोर्थची खाडी लागते. तिच्यावर १८९० चा रेल्वेचा लाल पूल आहे आणि आदल्याच वर्षी उघडलेला मोटारींचा नवा पूल. पलीकडं डनफर्मलिन. लिननच्या कापडासाठी एकेकाळी नाव असलेलं गाव. अँड्र्यू कार्नेगी तिथल्याच एका विणकराचा मुलगा. तेव्हा ते टाऊन होतं, २०२२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. मुलीचं घर जुन्या गावात नाही, पूर्वेच्या कडेला डुलॉक नावाच्या वसाहतीत. शेतजमिनीवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठलेली वसाहत. फिकट भिंतींची, उतरत्या छपरांची घरं, प्रत्येकापुढं गाडीची जागा आणि टॉवेलएवढी हिरवळ. रस्ते वळणावळणाचे, बरेचसे पुढं बंद होणारे. मी गाडीतून उतरले आणि मनात म्हटलं, अरे, ही तर सिडको! १९८२ ची, फक्त थंड.

तिथला सूर्य जूनमध्ये रात्री दहाला मावळतो. मुलगी थट्टेनं म्हणाली, "आई, तुझी चंगळ आहे, नऊ वाजेपर्यंत जेव." मी आपली घरच्यासारखी सहालाच जेवून घ्यायचे. हिवाळ्यात तिथं पावणेचारलाच अंधारतं म्हणे. नियम पाळायचा तर माणसानं घड्याळ बघायचं की आकाश, हे मला तिथं पहिल्यांदाच विचारात पडून ठरवावं लागलं.

पहिल्याच सकाळी मी नळाला गाळणं लावलं, ते वाटीत धुतलं, आणि वाटी हातात धरून मुलीला विचारलं, "हे कुठं घालू गं?"

"सिंकमध्ये ओत ना आई."

मी काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं.

जावई सिव्हिल इंजिनिअर. संध्याकाळी मला फिरायला घेऊन गेले. घरांच्या मागं एक तळं होतं, काठानं बोरू वाढलेले, बदकं पोहत होती. मी म्हटलं, जुनं तळं राखलं हे चांगलं केलं. ते म्हणाले, "जुनं नाही आई, हे मुद्दाम केलंय." वसाहत आखतानाच ठरलं होतं, की छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी एकदम नळीनं ओढ्यात सोडायचं नाही. आधी गवताच्या चरांतून, मग अशा तळ्यांतून सावकाश न्यायचं. पूर येत नाही, घाण तळाशी बसते आणि खालच्या ओढ्यातले जीव जगतात. स्कॉटलंडमध्ये असं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते पहिल्यांदा याच वसाहतीत, असंही ते म्हणाले.

मी तळ्याकाठच्या बाकावर बसून राहिले. पाणी शेवटी कुठं जाईल आणि तिथं राहणाऱ्यांचं काय होईल, हा प्रश्न कुणीतरी आराखड्यात लिहिला होता. जिवाणी म्हणून नव्हे, त्यांच्या कारणांनी. पण लिहिला होता. मला इतकी वर्षं वाटत होतं, की हा फक्त आडाच्या काळाचा प्रश्न आहे, नळ आला की संपला.

दार मात्र तिथंही बंदच होतं. एक दिवस मुलगी वर कॉम्प्युटरवर काम करत होती. मी ताट वाढलं आणि का कुणास ठाऊक, पुढचं दार उघडून पायरीवर जाऊन उभी राहिले. नऊवारी नेसत नाही, पण पातळ, स्वेटर, पायांत मोजे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाच मिनिटं झाली असतील. समोरच्या घरातून माझ्याच वयाची एक गोरी बाई घाईघाईनं आली आणि माझा कोपर धरून काही विचारायला लागली. मला तिचं इंग्रजी कळेना, तिला माझं. आवाज ऐकून मुलगी खाली आली. त्या बाईला वाटलं होतं, दार मागं लागून गेलं आणि ही म्हातारी थंडीत बाहेर अडकली. माझ्या घरी चल, चहा पी, असं ती म्हणत होती.

मुलीचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सिडकोतल्या दारात माझा तसाच झाला असणार. ती म्हणाली, "आई, आत ये ना. लोकांना वाटतं काहीतरी झालंय." मी म्हटलं, "येते. त्यांनाही घेऊन ये."

ती बाई आली. माझ्या ताटातली तूप लावलेली दशमी मी आधी तिला वाढली. तिनं ती हातानं तुकडे करून खाल्ली आणि अर्धी दशमी नवऱ्यासाठी कागदात बांधून मागून घेतली. मुलीला त्या घरात सहा वर्षं झाली होती. समोरची शेजारीण त्या दिवशी पहिल्यांदा आत आली. मुनींना आहार देणं वेगळं, हे मला कळतं. दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही. पण ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, एवढा अर्थ धरला तर त्या दिवशी अतिथी आला होता. दार उघडं होतं म्हणून आला.

परत आल्यावर, २०१९ च्या दिवाळीनंतर, मी मुधोळला गेले. बरीच वर्षं गेले नव्हते. भैंशाकडून येताना गाव लागायच्या आधीच शेतांत ओळीनं पांढरे दगड रोवलेले दिसले. प्लॉटांच्या खुणा. जाऊबाई आता नाहीत. वाड्याचा मागचा भाग पडला आहे, आडावर सिमेंटची फरशी टाकून तो बंद केला आहे. लहान पोरं पडतील म्हणून. बरोबरच आहे. मी कडीचं भांडं बरोबर नेलं होतं. ते तसंच पिशवीत राहिलं.

पुतण्याच्या मुलानं त्याच दगडांतल्या एका प्लॉटवर घर बांधलं आहे. त्याची बायको पंचविशीची, धर्माबादकडची. तिनं मला हौसेनं स्वयंपाकघर दाखवलं. खिडकी छातीइतक्या उंचीवर, ओटा काळ्या दगडाचा, नळ चकचकीत. तिनं तो माझ्यासमोर दोनदा सोडून दाखवला. मला गहिवरून आलं. मी तिला गाळण्याबद्दल काही सांगितलं नाही. तिच्या आनंदात मीठ घालायला मी कोण? ज्या नळासाठी मी सासूला परत पाठवलं, तो नळ वाईट आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

म्हणून या लेखातही मी कुणाला कॉलनी सोडा, वाड्यात जा असं सांगत नाही. वाडा मी बघितला आहे. पण नवं घर बघायला जाल तेव्हा बेसिनच्या रंगाबरोबर दोन गोष्टी विचारा. इथलं पाणी कुठून येतं आणि वापरून कुठं जातं? आणि घरातली म्हातारी दारात उभी राहिली तर तिला रस्त्यावर माणूस दिसेल का? उत्तरं मनासारखी मिळाली नाहीत, तर पाण्यावरचा हात आखडता येतो आणि दार उघडं ठेवता येतं. आणि ती दारात उभी राहिलीच, तर तिला आत ओढू नका.

त्या दिवशी सुनेनं ताटं वाढली. मी उठून पुढच्या दारात गेले. समोर मोकळे प्लॉट, पांढरे दगड, लांब बासरचा रस्ता. ती मागोमाग आली.

"आजी, कोणाची वाट बघायलात?"

"कोणाची नाही. येईल त्याची."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. थोडा वेळ ती माझ्याशेजारी उभी राहिली. मग गॅसवर भात होता, तो बघायला आत गेली. दार तिनं लावलं नाही.